बुधवारी ढिली होणारी बंदूक

खुशालरावांची बंदूक दर बुधवारी ढिली व्हायची. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी, आणि तेही सहदेव मिस्त्री दुपारची भाकर खाऊन भिंतीला टेकला की नेमकी त्या सुमारास.

सहदेवाला लाकडाचा स्वभाव माहीत होता. अकोल्याला मुनव्वर उस्तादांच्या हाताखाली सात वर्षं बंदुकांचे लाकडी कुंदे घासून मग तो अमरावतीला आला होता, आणि अमरावतीत नळीला कुंदा बसवणारा सुतार तो एकटाच. फाल्गुन लागला की वऱ्हाडातलं लाकूड आकसतं आणि पेच सैल पडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पेच कण्हायला लागतात. हे सगळं त्याला मान्य होतं. पण लाकडाला वार कळतो, हे काही उस्तादांनी शिकवलं नव्हतं.

तो काळ कापसाचा होता. सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस तिथेच अडकला, आणि म्हणून इथे वलगावच्या खुशालरावांच्या बैलांवर मखमली झुली चढल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते गावात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. तरी ते भांडण इतक्यात मिटू नये म्हणून तिघांनी नवस बोलून ठेवले होते. खुशालरावांनी त्या वर्षी एक भिंतीवरचं घड्याळ घेतलं. ते वाचता कोणालाच येत नव्हतं, पण ठोके पडले की घरातली माणसं उठून हात जोडत. आणि कापूसवाल्या प्रत्येक घरात बंदूक आलेली, म्हणून त्यांनी परवाना काढून मुंबईहून एक विलायती रफलही मागवली. वाटेत तिच्यावर कापसाचं गाठोडं पडलं आणि कुंदा मोडला. नवा कुंदा सहदेवाने केला. काळ्याभोर शिसवाचा, मानेशी बारीक, गालाशी गुळगुळीत. तसा कुंदा त्याच्या हातून आधी झाला नव्हता. पुढेही होईल की नाही, याची त्याला शंकाच होती.

त्या कुंद्यात तीन पेच होते. नळीच्या शेपटीतून कुंद्याच्या मानेत उतरणारा एक मोठा, आणि बार उडवणाऱ्या घोड्याच्या पट्टीला बाजूने दोन लहान. उस्ताद सांगायचे, पेचकस दोन बोटांत धरावा आणि फिरवावा. फिरायचा थांबला की खाली ठेवावा आणि उठून पाणी प्यावं. परत आल्यावर आणखी पाव फेरा द्यावासा वाटला, तर तो पाव फेरा पेचासाठी नसतो, आपल्यासाठी असतो. ढिला राहिला तर नळी हलते आणि गोळी भलतीकडे जाते. जास्त कसला तर लाकूड आत दबतं, मान ताणते, आणि एखाद्या बाराला फाटते. मधली जागा केसाएवढी.

सहदेव दर बुधवारी ती केसाएवढी जागा शोधून तीन पेच बसवायचा, आणि पुढच्या बुधवारी खुशालराव रफल शालीत गुंडाळून हजर.

"मिस्त्री, पाहाय बापा. पुन्हा हालून राहिली."

मग ते ओट्यावरच्या दगडावर बसत. सावली समोरच्या भिंतीला लागेपर्यंत उठत नसत. शकुन, म्हणजे सहदेवाची बायको, ताक घेऊन येई.

"वैनी, ताक म्हंजे ताक हाये तुमचं. आमच्या घरी सात म्हशी, पन असं ताक नाही."

"घरी म्हशीपुढं नका बोलू, राव. आटतीन."

खुशालराव गुडघ्यावर थाप मारून हसायचे. सहदेव पेचाकडे बघत राहायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत शकुन त्याच्याशी म्हशींवरून एक शब्द गमतीने बोलली नव्हती. त्याच्याकडे म्हैस नव्हती हे खरं, पण तो मुद्दा नव्हता.

मुद्दा काय आहे, ते मात्र त्याला रोज थोडं थोडं कळत गेलं. बुधवारी ताकात जिरं असायचं, गुरुवारी नसायचं. बुधवारी अंगण दोनदा झाडलं जायचं. खुशालरावांच्या अंगाला हिन्याच्या अत्तराचा वास यायचा, आणि ते गेल्यावरही तो दगड तासभर श्रीमंत वाटायचा. एका शुक्रवारी सहदेवाने बाजारातून अत्तराचा एक फाया आणला आणि कानात ठेवून घरात शिरला.

शकुनने चुलीवरून मान वर केली. "कोन गेलं?"

"कोन जाते? कोनीच नाही."

"मंग मयतीचा वास काहून येऊन राहिला?"

त्याने फाया शेळीपुढे टाकला. शेळीनेही तो खाल्ला नाही.

पुढच्या बुधवारी त्याने पेच खोलायला घेतला आणि थांबला. पेचाच्या खाचेत काहीतरी चमकत होतं. त्याने रफल उन्हात धरली. चांदी होती ती. लोखंडाच्या खाचेत चांदीचा बारीक कीस. पेचकस लोखंडाचा, तेल करडईचं, मग चांदी आली कुठून? तेवढ्यात खुशालरावांनी सुपारीसाठी बटवा उलटा केला आणि एक राणीछाप रुपया गडगडत सहदेवाच्या पायाशी आला. त्याची कड दगडावर घासून पातळ केलेली होती. एवढी, की राणीचा अर्धा अंबाडा नाहीसा झाला होता. त्या कडेला करडईचं तेल लागलेलं होतं.

सहदेवाने रुपया उचलून त्यांच्या हातात दिला. "तुमचा पडला," एवढंच म्हणाला.

म्हणजे बंदूक ढिली होत नव्हती. केली जात होती. सात म्हशींचा धनी, परवानेवाला माणूस, दर मंगळवारी रुपयाने तीन पेच सैल करत होता आणि बुधवारी सहदेवाच्या दगडावर येऊन बसत होता. का, हे विचारायला कोणा ज्योतिषाकडे जायची गरज नव्हती. कारण चुलीपाशी बसून ताक घुसळत होतं.

त्या दिवशी पेच बसवल्यावर सहदेव उठून पाणी प्यायला. परत आला. आणि प्रत्येक पेचाला पाव फेरा जास्त दिला.

पुढच्या बुधवारी खुशालराव आले ते अंगठ्याला चिंधी बांधून. पेच निघाले होते, पण अंगठ्याची साल घेऊन निघाले होते. शकुनने चिंधी सोडली, हळद लावली, फुंकर मारली आणि नवी चिंधी बांधली. सहदेवाने ती फुंकर पाहिली. मागच्या वर्षी त्याच्या स्वतःच्या बोटात लाकूड तासायचं वाकस शिरलं होतं, तेव्हा शकुन म्हणाली होती, "पाहून काम करत जा." हळद त्याची त्यानेच लावली होती.

गुरुवारी सकाळी तो अकोल्याला निघालेल्या कापसाच्या गाड्यांमागे चालू लागला. आगगाडी अजून खानदेशातच अडली होती, त्यामुळे अमरावतीचा सगळा कापूस बैलांच्या मानेवर त्या दिशेला जायचा. कोणी विचारलं तर तो सांगायचा, उस्तादांच्या पायावर डोकं ठेवायला चाललोय. तीस कोस माणूस पाया पडायला जात नाही, हे गाडीवाल्यालाही कळत होतं, पण त्याने रात्रीचा रोडगा वाटून दिला आणि गप्प राहिला.

उस्ताद दुकानाच्या पायरीवर एका नळीतून आकाश बघत होते. म्हातारपणी त्यांना आकाश नळीतूनच बघायची सवय लागली होती. ते म्हणत, उघड्यावर फार मोठं दिसतं.

"बोल बेटा. काहून आला?"

"उस्ताद, पेच असा कसता येते का, का कोनाले परत खोलताच नाही आला पायजे?"

उस्तादांनी नळी खाली केली नाही. "बंदूक कोनाची?"

"वलगावच्या खुशालरावांची."

"आन बायको?"

सहदेवाने पायरीच्या दगडावरची धूळ बोटाने पुसली. "माही," तो म्हणाला.

"हां." उस्तादांनी आता नळी मांडीवर घेतली. "जवानीत मीबी एका जमादाराची बंदूक अशीच कसली होती. तो माह्या आयशाबीकडे पाहून सलाम करे. मले कधी नाही केला. पयल्याच बाराले कुंद्याची मान फाटली अन् जमादाराची एक भुवई गेली."

"मंग त्याचं येनं बंद झालं?"

"कायचं बंद झालं? भुवई दाखवाले रोज येऊन राहिला. आयशाबी त्याले रोज काजळानं काढून दे. सहा महिने." उस्तादांनी नळी पुसली. "लाकूड आपल्या मनाचं ऐकत नाही, बेटा. जेवढं लागते तेवढंच घेते. वरचं सारं आत ठेवते, अन् मंग एका दिवशी देते."

सहदेव मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथे फौजेतल्या चार-पाच जुन्या बंदुका धूळ खात उभ्या होत्या. त्यांच्या पेचांची डोकी घासून सपाट केलेली होती. खाच नाही, काही नाही, बटाट्यासारखी गुळगुळीत.

"या अशा काहून?"

"शिपायांनं खोलू नये म्हनून घासल्या होत्या. आता ढिल्या झाल्या त कोनालेच खोलता येत नाही, कुंदा फोडाच लागते. म्हनून त इथं पडल्या."

दोन वाक्यांपैकी पहिलं वाक्य ऐकून सहदेव उस्तादांच्या पाया पडला आणि परत निघाला. दुसरं वाक्य अकोल्यातच राहिलं.

बुधवारी खुशालराव आले. दुसऱ्या अंगठ्यालाही आता चिंधी होती. सहदेवाने रफल मांडीवर घेतली, पेचकस दोन्ही हातांत धरला, कुंदा गुडघ्यात दाबला आणि श्वास रोखून पिळला. मोठा पेच शेवटचा अर्धा फेरा फिरला तेव्हा कुंद्याच्या मानेतून एक आवाज आला. चिंचोका दाताखाली फुटावा, तेवढाच. सहदेवाने तो ऐकला, आणि बाहेर कुठेतरी कोणीतरी चिंचोका खात असेल असं ठरवलं. मग कानस काढली आणि तिन्ही पेचांची डोकी घासून सपाट केली. वरून तेलाचा हात फिरवला.

"घ्या राव. आता कधीच नाही ढिली होनार."

खुशालरावांनी सपाट डोक्यांवरून चिंधीचा अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. "कधीच म्हंजे?"

"नातवाच्या नातवापर्यंत."

खुशालरावांनी अर्धं ताक तसंच ठेवलं आणि उठले. अर्धं ताक सोडून जाणारा तो माणूस दारातून दिसेनासा झाला तेव्हा सहदेवाला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. शकुन म्हणाली, "आत्ताच त जेवले तुमी." तो पुन्हा जेवला.

पुढचा बुधवार उजाडला. सावली ओट्यावरून खाली उतरली. कोणी आलं नाही. सहदेव एका बैलगाडीच्या चाकाला आरा बसवत होता आणि शीळ घालत होता.

शकुन दोनदा दारात येऊन गेली. "राव नाही आले आज."

"नाही येनार."

"काहून?"

"बंदूक पक्की केली त्यायची. पेच घासून टाकले. आता रुपया नाही चालनार तिथं, अन् रुपयाचा बापबी नाही."

शकुन होती तिथेच खाली बसली. "अवं, काय केलं तुमी हे. म्हंजे आज ते शिकारीले गेले असतीन."

"मंग जाऊ दे ना. बंदूक कशाले हाये?"

"ते भेतेत बंदुकीले."

सहदेवाची शीळ थांबली.

मग शकुनने सगळं सांगितलं. खुशालरावांचा साळा चंद्रभान, सहा फूट माणूस, दर बुधवारी दुपारी पोहऱ्याच्या रानात डुकराच्या शिकारीला जायचा आणि जाताना जवायाला घरातून उचलून न्यायचा. खुशालरावांना डुकराची भीती होती, पण ती चारचौघांसारखी. खरी भीती आवाजाची. दिवाळीला ते कानात कापसाचे बोळे कोंबून, गोधडी घेऊन, माजघरात बसायचे. एवढ्या महागाचा कापूस कानात घालणारा वऱ्हाडात तो एकच माणूस असेल. बंदूक ढिली आहे, मिस्त्रीकडे न्यायची आहे, असं म्हटलं की बुधवार टळायचा. चंद्रभानची माणसं रानात पोचेपर्यंत कुठेतरी बसून राहायचं, म्हणून तो दगड आणि म्हणून ते ताक.

"तुले कोनं सांगतलं हे?"

"त्यायनंच. होळीच्या आधी. शपथ घातली, मिस्त्रीले सांगू नका म्हने."

"मले काहून नाही सांगाचं?"

"तुमी हासान म्हनून."

"आन तू नाही हासली?"

"हासली ना. ते गेल्यावर."

सहदेवाच्या छातीतून एक मोठा धोंडा खाली उतरला, आणि उतरता उतरता वाटेतच दुसरा वर चढला. बायको चोरली नव्हती हे ठीक. पण गुपित? सात वर्षं शिकलेला कारागीर मी, बंदूक माझ्या हातची, कुंदा माझा, आणि मनातली भीती सांगायची ती ताकवालीला. होळीच्या आधी सांगितली म्हणजे दीड महिना झाला. दीड महिना या घरात दोन माणसांना जे माहीत होतं, ते तिसऱ्याला माहीत नव्हतं, आणि घरात माणसं होती दोनच.

हे सगळं तो जळत जळत मोजत होता, तोच त्याला तो चिंचोका आठवला.

मग तो उठला. पायात वहाणा घालायचंही राहिलं.

पोहऱ्याचं रान तीन कोस. वाटभर त्याला एकच गोष्ट दिसत होती. रफल खांद्याला, गाल कुंद्याला, आणि गालापासून चार बोटांवर ती ताणलेली मान. जमादाराची भुवईच गेली होती. खुशालरावांचं काय जाईल ते सांगता येत नव्हतं. आणि ज्याने पेच कसला त्याने तो कशासाठी कसला, हे जगात तिघांना ठाऊक होतं, एक उस्ताद, एक देव आणि एक तो स्वतः. तिघांपैकी कोणीही गप्प बसण्यातला नव्हता.

रानाच्या तोंडाशी मोहाखाली मंडळी बसली होती. हाकारे अजून निघायचे होते. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. खुशालराव एका खडकावर बसले होते आणि परक्याचं ओलं पोर धरावं तशी रफल दोन्ही हातांवर धरून होते. बार भरलेला होता. त्यांच्या कानातून कापसाचं एक टोक डोकावत होतं.

चंद्रभानने सहदेवाला पाहिलं आणि रोडगा उलटवता उलटवता म्हणाला, "घ्या. आज जवाईबापू नाही गेले, त मिस्त्रीच मागं मागं आला."

मंडळी हसली.

"नाही, मी काय म्हनतो," चंद्रभान आता रंगात आला, "आमी आपलं समजून राहिलो, बंदूक ढिली होते म्हनून जातेत. पन बंदूक एवढी ढिली होते काय बे? दर बुधवारी? का मिस्त्रीनबाईच्या ताकातच काही हाये?"

आता हसणं वेगळं होतं. सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं.

खुशालरावांपुढे दोनच दारं उघडी होती. एका दारावर लिहिलं होतं भित्रा. दुसऱ्यावर जे लिहिलं होतं ते वऱ्हाडात माणसं मिशीला तूप लावून मिरवत. त्यांनी सहदेवाकडे एकदा पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने मिशीचं टोक हळूच पिळलं. आणि हसले.

सहदेव तिथेच उभा. तीन महिने ज्या गोष्टीने त्याचं पोट जाळलं, ती खोटी आहे हे त्याला कळून जेमतेम दोन तास झाले होते. आणि आता ती गोष्ट करणाराच ती कबूल करत होता, न करता. खोटं आहे हे माहीत असूनही त्याला असं जळलं, असं जळलं, की खरं असताना एवढं जळलं नसतं. एक वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्यांच्या कानात पाहा, कापूस आहे. एवढंच. मग पुढच्या पाच पिढ्या खुशालरावांच्या घराला हसल्या असत्या. पण मंडळी आधी म्हणाली असती, बायकोवर आलं म्हणून मिस्त्री काहीतरी बोलतो. आणि शकुनवरचं तर पुसलं गेलंच नसतं.

त्याने पुढे होऊन रफल खुशालरावांच्या हातातून घेतली, घोड्याखालची बार पेटवायची टोपी काढून फेकली आणि कुंद्याची मान उन्हात धरली. पेचाच्या मागून केसासारखी एक रेघ गालापर्यंत गेली होती. त्याच्या सगळ्यात चांगल्या कुंद्यात.

"हे पाहा," तो म्हणाला. "मान फाटली. आज बार काढला असता त यायच्या तोंडात बसली असती."

हसणं थांबलं.

"मीच कसली. मले पेच कसता येत नाही." त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "दर बुधवारी ढिली होते ते माह्या हातानं होते. कच्चा हात हाये. म्हनून राव पुन्हा पुन्हा येतेत. या वक्ती मले लाज वाटली, म्हनून बक्कम कसली, त फाटली. रावांचं काही नाही अन् ताकाचंही काही नाही. मले येत नाही, एवढंच."

गोवऱ्यांमधून एक रोडगा करपल्याचा वास यायला लागला.

"अबे," चंद्रभान म्हणाला, "सात वर्षं त्या उस्तादाजवळ काय केलं मंग?"

"ताक प्यालो," सहदेव म्हणाला.

चंद्रभान मोठ्या मनाचा माणूस होता. त्याने लगेच आपली स्वतःची बंदूक जवायापुढे धरली. खुशालराव त्या बंदुकीकडे बघून चटकन उठले आणि म्हणाले, मिस्त्री फार दुखावला आहे, अनवाणी आला आहे, त्याला दमणीतून घरी सोडून येतो. बैल जुंपायला त्यांनी गड्यालाही हाक मारली नाही.

दमणी अर्धा कोस पुढे गेली.

"ते मिशीचं," खुशालराव शेवटी म्हणाले.

"पाहिली."

"दुसरं काही सुचलंच नाही पाहाय."

"मलेबी नाही सुचलं."

सहदेवाला पेच कसता येत नाही, ही बातमी वलगावला संध्याकाळी पोचली, बडनेऱ्याला सकाळी, आणि अकोल्याला कापसाच्या गाड्यांबरोबर चौथ्या दिवशी. खरे शिकारी आपल्या बंदुका घेऊन अकोल्याला जायला लागले. उस्तादांनी एका गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला, की माझा शागीर्द म्हणून कुठे नाव घेत जाऊ नको. सहदेवाने निरोप ऐकून घेतला आणि त्या दिवशी चाकाचा एकही आरा त्याला सरळ बसवता आला नाही. शकुनने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, लाकूड आकसलं. ती थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली. ताक मात्र आणलं नाही.

पंधरा दिवसांनी बडनेऱ्याचे किसनराव दारात आले. कापसाचे मोठे कास्तकार, परवाना, रफल, चार साळे. त्यांनी आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"तुमीच का ते मिस्त्री? तुमच्या हातानं बंदूक ढिली होते म्हनतेत."

सहदेवाने मान खाली घातली. "होते."

"खात्रीनं होते का?"

सहदेवाने मान वर केली.

त्यांच्यामागून मोर्शीचे एक आले, मग अचलपूरचे दोघं. वऱ्हाड त्या वर्षी बंदुकांनी भरला होता आणि बंदुकांना भिणाऱ्यांनीही. फक्त एकमेकांना कोणी सांगितलं नव्हतं. आता सहदेवाला काम करायचं होतं ते असं, की पेच मंगळवारच्या दिवेलागणीपर्यंत धरावा आणि बुधवारी सकाळी साळ्याच्या डोळ्यांदेखत हलावा. पेचाखाली मेणाचा थर किती द्यायचा, कातड्याची चकती किती पातळ कापायची, फेरा कुठे सोडायचा. घट्ट बसवणं याच्यापुढे पोरखेळ होता. त्याला ते जमलं. वऱ्हाडात एवढा नेमका ढिला पेच दुसरा कोणी बसवू शकत नव्हता, आणि हे तो मेला असता तरी कोणाला सांगू शकत नव्हता.

ज्येष्ठातल्या एका बुधवारी ओट्यावर सात जण बसले होते. सात शाली, सात अत्तरं. शकुन सात लोटे भरून देत होती, आणि सातही जणांना तिने काहीतरी म्हटलं की ते हसत होते. सहदेव पेचकस घेऊन आतल्या अंगाला बसला होता. एकावर जळताना माणसाला निदान बसून जळता येतं. सात जणांवर जळायचं तर दम लागतो. तो मधून मधून थांबत होता.

खुशालराव उशिरा आले. त्यांच्या दगडावर किसनराव बसले होते. खुशालराव थोडा वेळ त्या दगडाकडे पाहत राहिले, मग आत येऊन सहदेवाशेजारी भुशात टेकले.

"मिस्त्री."

"बोला राव."

"त्या किसनरावाची बंदूक जराशी पक्की कस ना. त्याची एकट्याचीच."

"काहून?"

"काहून म्हंजे? दर बुधवारी येऊन बसते."

"तुमीबी येता."

"माहं वेगळं हाये."

सहदेवाचा हात थांबला. त्याने वळून खुशालरावांच्या तोंडाकडे पाहिलं. खुशालराव त्याच्याकडे पाहत नव्हते. ते दाराबाहेर बघत होते.

"काय वेगळं हाये, राव?"

खुशालरावांनी धोतरावरचा भुसा झटकला.

"त्यायची नाही जमनार," सहदेव म्हणाला आणि त्यांच्या मांडीवरची, नवा कुंदा घातलेली रफल ओढून घेतली. "तुमची देतो पक्की करून. आत्ता."

खुशालरावांनी रफल दोन्ही हातांनी धरून ठेवली. "राहू दे," ते म्हणाले. "राहू दे, मिस्त्री."

बाहेर किसनराव शकुनला काहीतरी सांगत होते आणि ती तोंडावर पदर धरून हसत होती. आत सहदेव आणि खुशालराव दोघंही मग भुशात बसून किसनरावांकडे बघत राहिले.